बीएस्सी संपत आलं तरी माझ्याकडे एकही स्किल नाही असं वाटतंय, सॉफ्ट स्किलचा क्लास लावू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी टीवायबीएस्सी बॉटनी, तालुक्याच्या कॉलेजला. मागच्या महिन्यात एका बियाणे कंपनीच्या मुलाखतीत विचारलं, तुमच्याकडे कोणती स्किल्स आहेत. मला काही सांगताच आलं नाही. तीन वर्षांत मी फक्त जर्नल पूर्ण केलं, हर्बेरियम (दाबून वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) केलं, एनएसएसचा एक कॅम्प केला आणि घरी आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. बाकी काही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन महिन्यांचा सॉफ्ट स्किलचा क्लास आहे, फी ३५ हजार. बाबा म्हणतात कर्ज काढू. लावू का? पुढच्या आठवड्यात अजून एका बियाणे कंपनीत मुलाखत आहे."

तुला तू म्हणते, चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. माझ्याबद्दल आधी सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. बारा वर्षं मी औषध कंपन्यांच्या भरतीत होते, क्यूसी म्हणजे औषधांचा दर्जा तपासणारा विभाग, तिथे आणि प्रॉडक्शनला फ्रेशर्स निवडणं हे माझं काम होतं, आणि गेली नऊ वर्षं सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यातल्या कॉलेजांत टीवायच्या मुलामुलींना मुलाखतीच्या आधीचं ट्रेनिंग देते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

उत्तर आधीच देऊन टाकते. क्लास आत्ता लावू नकोस, आणि कर्ज काढून तर अजिबात नको. का ते आता सविस्तर सांगते, कारण नुसतं नको म्हटलं तर उद्या दुसरा कुणी हो म्हणेल आणि तू परत तिथेच येशील.

तू विचारलंयस की स्किल्स नाहीत, ती कुठे मिळतील. मला तुझा प्रश्न वाचून दुसरीच अडचण दिसतेय. तुझ्याकडे काही स्किल्स आहेत पण तुला ती ओळखू येत नाहीत, काही असतील असं वाटतंय पण खात्री करून घ्यायला हवी, आणि काही खरंच नाहीत. या तिन्हींचा डोक्यात एकच ढीग झालाय आणि त्या ढिगाला तू "बाकी काही नाही" असं म्हणतेयस. आणि तुझ्या प्रश्नातला "फक्त" हा शब्द, तो मी दरवर्षी शेकडो वेळा ऐकते गं. मॅडम मी फक्त लायब्ररीत बसायचे, मॅडम मी फक्त गॅदरिंगचा हिशोब बघितला, मॅडम मी फक्त बाबांबरोबर बाजाराला जायचो.

माझ्या पहिल्या सेशनला मी एक गोष्ट करते. कोरा कागद देते आणि सांगते, तुमची स्किल्स लिहा. दहा मिनिटांनी कागद गोळा केले की निम्मे जवळजवळ कोरे असतात आणि उरलेल्यांवर तेच शब्द, हार्डवर्किंग, टीम प्लेयर, लीडरशिप, गुड कम्युनिकेशन, नेटवरच्या कुठल्यातरी बायोडेटातून उचललेले. मग दुसरा कागद देते आणि विचारते, गेल्या वर्षात तुम्हाला सगळ्यात जास्त दमवलेलं एक काम लिहा, कसं केलंत ते सगळं लिहा. तर तीच मुलं पानभर लिहितात, पाठपोट लिहितात, वेळ वाढवून मागतात. दोन्ही कागद एकाच मुलाचे असतात. दुसऱ्या कागदावर जे असतं ते पहिल्यावर का येत नाही, हा माझ्यासाठी या सगळ्या कामातला मुख्य प्रश्न आहे.

मला वाटतं याचं मोठं कारण मार्कशीट आहे. ज्याचा पेपर झाला आणि ज्याला मार्क मिळाले ते "शिकलो", बाकीचं "केलं". प्रॅक्टिकल मार्कांसाठी, एनएसएस ग्रेसच्या मार्कांसाठी, प्रोजेक्ट सबमिशनसाठी. आता नवीन शैक्षणिक धोरणात मार्कशीटवर कौशल्याचे वेगळे कोर्स आलेत, मुलं त्यांना एसईसी, व्हीएससी म्हणतात, दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे चांगले साठ तास होतात, पण मी विचारलं की या साठ तासांत काय करायला शिकलात तर उत्तर येतं, "मॅडम, क्रेडिट भरायचे होते." म्हणजे नाव मार्कशीटवर आलं तरी बघण्याची पद्धत तीच. आणि हे आपल्याकडेच आहे असंही समजू नकोस. ब्रिटनमध्ये १९९७ साली डिअरिंग समितीने उच्च शिक्षणावर अहवाल दिला, त्यात म्हटलं होतं की कुठल्याही विषयाची डिग्री असो, संवाद, आकडेमोड, संगणकाचा वापर आणि कसं शिकायचं हे शिकणं, ही चार कौशल्यं प्रत्येक पदवीधराला यायला हवीत. तिथल्या विद्यापीठांनाही हे मुद्दाम लिहून काढावं लागलं, आपोआप कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

आता एक जरा अवघड गोष्ट, पण ती समजली तर पुढचं सोपं जाईल. आपण ट्रान्सफरेबल स्किल म्हणतो तेव्हा असं धरून चालतो की एकदा आलं की ते कुठेही जातं. तसं होत नाही. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की एका कामातला सराव दुसऱ्या कामात उपयोगी पडतो तो त्या दोन कामांत सारखं काही असेल तेवढाच. मग १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफी शहरातल्या रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास झाला. गाड्यावर गिऱ्हाइकाने विचारलेला हिशोब ती मुलं ९८ टक्के बरोबर करत होती, आणि तेच आकडे कागदावर नुसत्या गणितासारखे दिले तर ३७ टक्के. तीच मुलं, तेच आकडे. आपल्याकडे दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर असंच मोठं काम झालं, नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्यात होते, २०२५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि तिथे उलटी बाजू पण दिसली: शाळेत जाणारी मुलं वहीतलं गणित करायची पण बाजारातल्या हिशोबात अडायची.

हे तुला का सांगतेय, तर मुलाखतीत तू गप्प बसलीस ते तुझ्याकडे काही नव्हतं म्हणून असं मला वाटत नाही. तुझं जे होतं ते लॅबमध्ये होतं, आणि प्रश्न लॅबच्या भाषेत आला नाही. मुलाखत घेणाऱ्याने "स्किल" विचारलं. त्याने जर विचारलं असतं की चाळीस-पन्नास नमुने सहा महिने खराब न होऊ देता कसे ठेवाल, तर तू बोलली असतीस.

आता तुझ्या यादीवर येते. हर्बेरियमवर मी जास्त वेळ घेणार आहे कारण तू ते इतक्या सहज लिहून पुढे गेलीस.

हर्बेरियम करताना तू काय केलंस ते आठव. फुलावर किंवा फळावर असलेलीच फांदी शोधायची, कारण नुसत्या पानांवरून ओळख पक्की होत नाही. गोळा केल्या केल्या जागेवरच नोंद करायची, कारण फुलाचा रंग वाळल्यावर जातो आणि घरी येऊन "पिवळं होतं की पांढरं" आठवत नाही. मग वर्तमानपत्रात पसरून दाबायची, पानाची एक बाजू वर एक खाली, कागद बदलत राहायचे नाहीतर पावसाळ्यात बुरशी येतेच. वाळल्यावर शीटवर लावायची, उजव्या कोपऱ्यात लेबल: शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. आणि नाव शोधताना फ्लोरा, म्हणजे त्या भागातल्या वनस्पतींची वर्णनं असलेलं पुस्तक, उघडून पान समोरासमोर की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जोडलेल्या, असं एकेक प्रश्नाने बाकीच्या शक्यता काढून टाकत जायचं.

आता बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल आठव, घरी शेती असेल तर हातात आलंच असेल. पीक, वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती, चाचणीची तारीख. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली हे छापावं लागतं. त्या लेबलामागे एक लॅब असते, तिथे उगवणशक्ती तपासायला साधारण शंभर-शंभरचे चार गट म्हणजे चारशे बिया लावतात, ठरलेल्या दिवशी बघतात, मोजतात, लिहितात, सडलेली वेगळी, नीट न उगवलेली वेगळी. त्या लॅबला हवा असलेला माणूस कोण? ज्याला नमुना आणि त्याची नोंद कधीच वेगळी होऊ द्यायची नाही हे अंगात भिनलंय तो. तू ते पन्नास वेळा केलंयस. थॉर्नडाइकने म्हटलेलं "सारखं काही" ते इथे आहे, दोन्हीकडे नमुना आहे, लेबल आहे, तारीख आहे, आणि लेबल चुकलं तर नमुना कितीही चांगला असो, फुकट. पण हे समोरच्या माणसाला आपोआप दिसणार नाही, त्याने कदाचित बॉटनी केलेलं नसेल, त्याला हर्बेरियम म्हणजे वहीत चिकटवलेली पानं वाटत असतील. जोडून दाखवायचं काम तुझं.

सेक्शन कटिंगचं तू लिहिलंच नाहीस, पण बॉटनीची मुलगी ब्लेडने खोडाचे काप न घेता टीवायपर्यंत येत नाही. वीस काप घ्यायचे, पाण्यात तरंगवायचे, त्यातला एकच इतका पातळ असतो की सॅफ्रॅनिनचा लाल रंग दिल्यावर मायक्रोस्कोपखाली सगळं स्वच्छ दिसतं, आणि तो एक ओळखून बाकीचे एकोणीस टाकून द्यायला शिकावं लागतं. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे वनस्पतीच्या छोट्याशा तुकड्यापासून रोपं वाढवण्याच्या लॅबमध्ये, आपल्याकडे केळीची रोपं अशा लॅबमधूनच येतात, तासन् तास हाच हात आणि हीच नजर लागते. एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

कारण जर्नलबद्दल मला तुझ्याशी खरं बोलायचंय. तू लिहिलंयस "जर्नल पूर्ण केलं". कसं पूर्ण केलंस? हे रागावून विचारत नाहीये. कॉलेजांत जर्नल कशी पूर्ण होतात ते मला माहितीये, सीनियरचं जर्नल मिळवायचं, दोन रात्रींत उतरवायचं, रीडिंग चुकलं तर शेजारच्याचं बघून जुळवायचं, सर्टिफाय करून घ्यायचं. औषध कंपनीत असताना मी फ्रेशर्सना एक प्रश्न हमखास विचारायचे: प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग अपेक्षेपेक्षा वेगळं आलं तर काय करायचात? बहुतेक मुलं खरं सांगायची, "बरोबर येईल असं लिहायचो." मला त्यांचा खरेपणा आवडायचा आणि तरी मनात धस्स व्हायचं, कारण आमच्या लॅबमध्ये हीच गोष्ट कुणी केली तर नोकरी जाते, आख्खी बॅच थांबते, आणि औषध पेशंटच्या पोटात जाणार असतं. तिथे नियमच असा असतो की जे लिहिलं नाही ते झालंच नाही, आणि जे झालं नाही ते लिहायचं नाही, लिहायचं तेही काम करता करता, नंतर आठवून नाही, खाडाखोड झाली तर एक आडवी रेघ, सही, तारीख, जुना आकडा वाचता आला पाहिजे.

म्हणून मी मुलांना सांगते की सवयी पण ट्रान्सफर होतात, चांगल्या तशा वाईट पण. तीन वर्षं रीडिंग जुळवायची सवय लागली असेल तर ती तुमच्याबरोबर नोकरीत येईल, आणि ती कुणी बायोडेटावर लिहीत नाही. तुझं जर्नल तू स्वतः केलं असशील, रीडिंग चुकलं तेव्हा चुकलेलंच लिहून पुन्हा केलं असशील, तर ते तुझ्याकडचं सगळ्यात मौल्यवान स्किल आहे आणि मुलाखतीत पहिलं तेच सांग. उतरवलं असेल तर ते सांगू नकोस, खोटं टिकत नाही, दुसऱ्याच प्रश्नाला पकडतात. त्याऐवजी अजून हाताशी जी प्रॅक्टिकल्स उरली असतील ती, पाच असोत की सहा, खरी कर. महिन्याभरात फरक जाणवतो, खरंच.

एनएसएसचं मला नीट सांगता येणार नाही कारण कॅम्पमध्ये तुझ्याकडे काय काम होतं ते तू लिहिलं नाहीस. सात दिवसांच्या कॅम्पला कुणी नुसतं प्रभातफेरीत चालून येतं आणि कुणी सत्तर पोरांचा स्वयंपाक ओढून येतं, सर्टिफिकेट दोघांचं सारखंच. मला एक मुलगा आठवतो, मेस कमिटीत होता. त्याने पहिल्या दिवशी भात कमी पडला तेव्हापासून रोज रात्री किती शिजवलं आणि किती उरलं हे वहीच्या मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली, चौथ्या दिवसापासून ना कमी पडलं ना टाकावं लागलं, आणि शेवटी वाचलेल्या पैशांत पोरांना शिरा केला. बायोडेटावर त्याने काय लिहिलं होतं? "एनएसएस स्वयंसेवक". मी ती वही आणायला लावली. स्टोअर्सच्या नोकरीच्या मुलाखतीत त्याने ते मागचं पान दाखवलं. तुझ्या कॅम्पमधलं असं एखादं पान असेल तर शोध. आणि नसेल, तर कॅम्प यादीतून गाळला तरी काही बिघडत नाही.

शिकवण्या. तू हे सगळ्यात शेवटी लिहिलंस आणि मला विचारशील तर ते वरून दुसरं आहे. आठवीच्या मुलाला समीकरण येत नाही, तुला ते कळलं, तू दुसऱ्या तऱ्हेने सांगितलंस, तरी कळलं नाही, तिसऱ्या तऱ्हेने सांगितलंस. आईवडिलांना फी मागितलीस, कुणी थकवली असेल, संबंध न तोडता वसूल केलीस. स्वतःची परीक्षा आणि त्यांची परीक्षा एकाच आठवड्यात आली तेव्हा काय केलंस? लोक क्लासमध्ये ३५ हजार भरून "कम्युनिकेशन" आणि "टाइम मॅनेजमेंट" नावाने जे विकत घ्यायला जातात ते हेच आहे, आणि तुला त्याचे पैसे मिळतात.

इथे एक निरीक्षण सांगते, माझ्या सेशन्समधलं. मुलं गणपती मंडळाच्या वर्गणीला सहज लीडरशिप म्हणतात. मुली आजीच्या औषधांच्या वेळा, इन्शुलिन, दवाखान्याच्या फेऱ्या तीन वर्षं सांभाळतात आणि त्याला "घरचं" म्हणतात. कमवा आणि शिकामधली मुलं तर आणखी गप्प. रोज दोन-तीन तास लायब्ररीत नाहीतर कॉलेजच्या बागेत काम करून शिकलेला मुलगा ते बायोडेटावर लिहायला लाजतो, कारण त्याला वाटतं की त्यातून गरिबी दिसते. मला त्या कागदात गरिबी कधीच दिसली नाही, मला दिसायचं की हा पोरगा रोज वेळेवर आला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली १९१९ मध्ये, तेव्हापासून आपल्या भागात ही परंपरा आहे, तिची लाज वाटावी ही गोष्ट मला फार लागते. तू पण घरच्या यादीत असं काही लपवलं असशील तर बाहेर काढ.

आता जे नाही त्याबद्दल. इंग्रजी. मला खात्री आहे की "सांगताच आलं नाही" यात निम्मा भाग इंग्रजीचा असेल. आपल्याकडे कम्युनिकेशन म्हणजे इंग्रजी असं पक्कं बसलंय आणि क्लासवाले त्यावरच चालतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरच्याला काय कळलं नाही हे ओळखून त्याला कळेल असं सांगणं हे कम्युनिकेशन, ते तुझ्याकडे आहे, मराठीत आहे. इंग्रजी ही भाषा, ती कमी असेल तर कमी आहे, आणि काही नोकऱ्यांना ती लागतेच, हे मी गोड बोलून झाकणार नाही. पण त्याचा उपाय वेगळा. आधी मराठीत तुझा एक अनुभव दोन मिनिटांत नीट सांगता येऊ दे, मग तोच सहा-सात साध्या इंग्रजी वाक्यांत लिही, कॉलेजमधल्या इंग्रजीच्या मॅडमकडून तपासून घे, आणि मोठ्याने म्हण, रोज, पाठ होईपर्यंत नाही तर अडखळणं थांबेपर्यंत. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं.

दुसरं एक्सेल. एमएस-सीआयटी झालंय असं तू म्हणशील, सगळ्यांचंच झालेलं असतं, आणि मी मुलाखतीत शंभर ओळींची यादी देऊन यातले ऐंशी टक्क्यांच्या वरचे वेगळे काढून दाखवा म्हटलं की सर्टिफिकेट असलेल्यांचेच हात थांबायचे. सर्टिफिकेट जुनं होतं, हात जुना होत नाही, पण वापरला तर. तुझ्या पन्नास शीट्सची यादी एक्सेलमध्ये कर, नाव, कुळ, ठिकाण, तारीख, मग कुळाप्रमाणे लाव, कुठल्या महिन्यात किती मिळाली ते मोज, एक साधा आलेख काढ. दोन संध्याकाळचं काम आहे. आणि ई-मेल, विषय लिहून, फाइल जोडून, नीट भाषेत पाठवलेला, तो पण एकदा पाठवून बघ, अगदी मैत्रिणीला का होईना.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते पण सांगते, कारण मी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. तुझ्या कॉलेजात लॅब खरंच चालत असेल तर वरचं सगळं लागू पडतं, पण अशीही कॉलेजं मी बघितलीत जिथे एका मायक्रोस्कोपवर वीस मुलं असतात आणि प्रॅक्टिकल म्हणजे सर करून दाखवतात ते लांबून बघायचं, तिथल्या मुलांना मी "तुझ्याकडे आहेच" असं म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. तुझा एसटीने रोज तीन तास प्रवास होत असेल तर गॅदरिंग, स्पर्धा, एकांकिका यांतलं काही तुझ्या वाट्याला आलं नसेल, त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नकोस. आणि तुला जायचंय कुठे त्यावर तर सगळंच ठरतं. एमएस्सीला जाणार असशील तर फ्लोरा वापरता येणं हे सोनं आहे, बँकेच्या परीक्षेला त्याचा काही उपयोग नाही, बीएड करणार असशील तर शिकवण्या सगळ्यात पुढे. बियाणे कंपनीचं विचारलंयस म्हणून मी हर्बेरियम पुढे काढलं.

क्लासबद्दल. सगळे क्लास वाईट असतात असं मी म्हणत नाही, मी स्वतः ट्रेनिंगच देते. पण जायच्या आधी तिथे जाऊन तीन गोष्टी विचार: बॅचमध्ये किती जण, प्रत्येकाला आठवड्यात किती वेळा उभं राहून बोलायला मिळतं, आणि बोलल्यावर काय चुकलं ते समोर बसून कोण सांगतं. साठ जणांची बॅच असेल आणि समोर एक माणूस माइकवर प्रेरणादायी बोलत असेल तर तिथे स्किल त्या माणसाचं वाढतं. दहा-बारा जण असतील आणि महिन्याचे दोन-अडीच हजार असतील तर इंग्रजी बोलण्यासाठी जा, खुशाल जा. कर्जाचे ३५ हजार म्हणजे फ्रेशरचे दोन-तीन महिन्यांचे पगार, ते अशा गोष्टीला घालू नको जी अर्धी तुझ्या घरातच आहे. बाबांना माझं एवढं वाक्य वाचून दाखव हवं तर.

मग पुढच्या आठवड्यात बोलायचं कसं. "माझ्याकडे ऑब्झर्वेशन स्किल आणि पेशन्स आहे" असं बोलू नकोस, ते त्याने सकाळपासून वीस वेळा ऐकलेलं असेल. एक घडलेली गोष्ट सांग, तिच्यात काहीतरी बिघडलेलं असू दे, आणि मग तू काय केलंस ते क्रियापदांत सांग. समजा असं: "हर्बेरियमसाठी आम्हाला पन्नास वनस्पती जमवायच्या होत्या. जुलैत गोळा केलेल्या नऊ खराब झाल्या, बुरशी आली, कारण मी कागद दोन-दोन दिवसांनी बदलत होते. मग मी पहिला आठवडा रोज कागद बदलायला लागले आणि प्रत्येक नमुन्याला गोळा करतानाच नंबर दिला, तोच नंबर वहीत. त्यानंतरच्या शीट्समध्ये बुरशी आली नाही आणि शेवटी लेबल लावताना एकही अदलाबदल झाली नाही. तुमच्याकडे लॉट नंबर आणि नमुन्याचं असंच असतं ना, ते काम मला जमेल असं वाटतं." बघ, यात स्किल हा शब्दच नाही. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्या वाक्यात तू तुझ्या लॅबमधून उठून त्याच्या लॅबमध्ये गेलीस. माझे आकडे वापरू नकोस हं, तुझे खरे काढ, नऊच्या जागी तीन असतील तर तीन.

अशा चार-पाच गोष्टी वहीत लिहून ठेव. एक चुकीची आणि ती कशी निस्तरली त्याची, एक दुसऱ्याला समजावून सांगितल्याची, एक पैशाच्या किंवा वेळेच्या हिशोबाची, एक कुणाशी पटलं नाही तरी काम पूर्ण केल्याची. मुलाखतीतले निम्म्याहून जास्त प्रश्न यातल्याच कशावर तरी येतात, नवीन काही सुचवावं लागत नाही. लिहिताना "आम्ही" आलं की थांब आणि विचार, यातलं मी काय केलं. मुलींना हे फार जड जातं, सारखं आम्ही-आम्ही होतं, पण मुलाखत आम्हीची होत नाही.

आणि सबमिशनला दिलेल्या शीट्स डिपार्टमेंटकडून परत मिळत असतील तर त्यातली सगळ्यात चांगली एक मागून घे, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेव, वरून प्लॅस्टिक, आणि मुलाखतीला बरोबर ने. मिळत नसेल तर फोटो काढून ए-फोर कागदावर प्रिंट काढ, लेबल वाचता येईल असा. स्किल्स विचारली की आधी ती टेबलावर ठेव आणि लेबलवर बोट ठेवून बोलायला सुरुवात कर, हातात वस्तू असली की आवाज कमी थरथरतो. कॅम्पमध्ये तुझ्याकडे काय काम होतं आणि जर्नलचं खरं काय ते इथे लिही, मग उरलेल्या दोन गोष्टी आपण मिळून बसवू.